ऐन वेळी बंद पडणारा कॉम्प्युटर

मास्टर कपडे शिवायचे आणि कमी बोलायचे. या दोन्ही गोष्टींत त्यांचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. गिऱ्हाईक मापं देता देता आपली सगळी कर्मकहाणी सांगून मोकळं व्हायचं आणि मास्टर "हात जरा वर घ्या" एवढंच म्हणायचे. लोकांना वाटायचं, माणूस दगड आहे. दगडबिगड काही नव्हता. आतून भयंकर घाबरट होता, फक्त घाबरायची त्याची रीत वेगळी होती. छातीत धडधडायला लागलं की मास्टर इस्त्री तापवायचे आणि हाताला येईल ते दाबत सुटायचे. बायकोच्या शेवटच्या आजारपणात त्यांनी पडदे, पिशव्या, इतकंच काय, भांडी पुसायची फडकीसुद्धा कडक करून ठेवली होती. ती जाऊन बरीच वर्षं झाली, पण फडक्यांना अजून अधूनमधून इस्त्री होत होती.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापायचं टेबल आणि इस्त्री. मागच्या खोलीत लेक आणि तिचा कॉम्प्युटर. लेक अंगाने बारीक आणि बोलायला टोचरी, म्हणून मास्टर तिला टाचणी म्हणायचे. या टाचणीला विमानं दुरुस्त करायला शिकायचं होतं. ते शिकवणारी संस्था दूरच्या शहरात होती, पण तिची प्रवेश परीक्षा घरी बसूनच द्यायची होती. नियम मात्र असे, की ऐकूनच घाम फुटावा. खोलीत दुसरं कुणी नको, कॅमेरा सतत चालू हवा, आणि संपर्क दुसऱ्यांदा तुटला की पेपर तिथेच बंद. बरं, संस्था संधीही दोनच द्यायची.

त्यातली पहिली संधी टाचणीने मागच्या वर्षी घालवली. म्हणजे तिने नाही, कॉम्प्युटरने. पेपर ऐन रंगात आला आणि पडदा काळा झाला. तिने धडपडत पुन्हा सुरू केला, चार प्रश्न सोडवले, पुन्हा काळा. संपलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मास्टर म्हणाले, "होईल पुढच्या वेळी," आणि कोपऱ्यावरून बटणं आणायला म्हणून निघून गेले. बटणं घरात भरपूर होती.

त्यानंतर तो कॉम्प्युटर घरातलं तिसरं माणूस झाला, तेही लहरी. महिना महिना सुतासारखा सरळ चालायचा. टाचणी संध्याकाळी अभ्यास करायची, मास्टर पुढे बसून हुक-बटणं लावायचे, सगळं सुरळीत. पण काही महत्त्वाचं निघालं की याने मान टाकलीच. कॉलेजचा निकाल उघडताना टाकली, शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत टाकली. "त्याला कळतं," टाचणी म्हणायची, "माझा जीव कशात अडकलाय ते त्याला बरोबर कळतं." हे ती हसून म्हणायची, पण हल्ली हसणं कमी आणि म्हणणं जास्त झालं होतं. दुसरा कॉम्प्युटर मिळण्यासारखा नव्हता. मैत्रिणीकडे लॅपटॉप होता, पण मैत्रीण हीच परीक्षा त्याच वेळेला देणार होती.

दुसरी परीक्षा जवळ आली तसे मास्टर कॉम्प्युटर कडेवर घेतल्यासारखा घेऊन दुरुस्तीवाल्या ताईंकडे गेले. ताईंनी झाकण उघडलं, धूळ झटकली, पंखा बदलला, मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून परत बसवल्या. मग दिवसभर दुकानात चालवून बघितला.

"अहो मास्टर, हा तर माझ्याकडे अगदी शहाण्यासारखा वागला," ताई म्हणाल्या. "पॉवर सप्लाय तेवढा म्हातारा झालाय. जरा वीज कमी-जास्त झाली तर दम धरणार नाही. नवा मागवते, पण तो परीक्षेच्या आत येईलसं वाटत नाही. घरी हा ज्या बोर्डवर लावता, त्यावर दुसरं काही असतं का?"

"काही नाही," मास्टर म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. मागच्या खोलीतल्या बोर्डवर खरोखरच दुसरं काही नव्हतं. आणि विजेवर संशय घ्यायचा तरी कसा? कॉम्प्युटर बंद पडायचा तेव्हा डोक्यावरचा पंखा आपला मजेत गरगरत असायचा.

परीक्षेच्या सकाळी टाचणी आंघोळ करून, केस घट्ट बांधून आत जाऊन बसली. पेपरला वेळ होता, पण कॅमेरा, माइक, ओळखपत्र असं सगळं आधी तपासून घ्यायचं होतं. मास्टरांनी दार ओढून घेतलं आणि ते पुढच्या खोलीत उभे राहिले. नाही चालला तर? पोरगी गेल्या वर्षी रात्र रात्र भिंतीकडे तोंड करून पडायची, ते त्यांनी पाहिलं होतं. पुन्हा ते बघायची आपली ताकद नाही, हे त्यांना स्वच्छ माहीत होतं. त्यांनी एक चादर टेबलावर पसरली आणि इस्त्रीचं बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"बाबा! पुन्हा गेला!"

मास्टर दारापर्यंत धावले. ती आतून ओरडली, "येऊ नका, मी करते, होतोय सुरू!" ते परत फिरले. काय करायचं ते न सुचून चादरीची घडी दाबू लागले. इस्त्री तापली होती, तिचा दिवा विझला होता. आत कॉम्प्युटरचा नवा पंखा घुमू लागल्याचं त्यांनी ऐकलं आणि जरा श्वास घेतला. तेवढ्यात दिवा पुन्हा लागला. आतला आवाज तुटला.

"बाबा!"

मास्टर त्या लाल दिव्याकडे बघत राहिले. मग भिंतीवरच्या बोर्डकडे, आणि तिथून निघून दाराच्या चौकटीवरून मागच्या खोलीत गेलेल्या वायरकडे. मागच्या खोलीत आधी प्लगची सोयच नव्हती. कॉम्प्युटर घरी आला तेव्हा लेकीसाठी त्यांनीच हौसेने इस्त्रीच्या बोर्डवरून ती वायर ओढून आत बोर्ड बसवला होता, पट्ट्या ठोकून वर भिंतीचा रंग मारला होता. काम इतकं साफ झालं होतं, की वायर आहे हे तेच विसरून गेले होते. एरवी इस्त्री चालायची ती दुपारी, लेक कॉलेजात असताना. ती घरात असताना इस्त्री तापायची फक्त एका कारणाने. निकालाच्या दिवशी तापली होती. मुलाखतीला तापली होती. मागच्या वर्षी पेपर चालू असताना उशांचे अभ्रे केले होते, सगळेच्या सगळे.

त्यांनी इस्त्रीचा प्लग उपटला. खरं तर काम झालं होतं. गप्प बसले असते तर कॉम्प्युटर चालला असता, यश ताईंच्या नव्या पंख्याच्या खात्यावर गेलं असतं, आणि कुणाला कधी काही कळलं नसतं. पण आत पोरगी त्या कॉम्प्युटरसमोर बसली होती. आता पडेल, मग पडेल, या धाकात ती प्रश्न तरी कशी वाचणार? आणि सांगितलं तर? पेपरच्या तोंडावर तिला सांगायचं, की तुझं वर्ष तुझ्या बापाने घालवलं? मास्टरांनी दोन वेळा दाराला हात लावला आणि दोन वेळा काढून घेतला. तिसऱ्या वेळी दार उघडलं.

"टाचणी, तो आता बंद पडणार नाही."

"तुम्हाला काय माहीत?" ती मान वर न करता म्हणाली.

"मी पाडत होतो. इस्त्री लावली की पडतो. दोन्हीची वायर एकच आहे. मागच्या वर्षीसुद्धा मीच."

तिने मान वळवली. "माझा पेपर चालू होता आणि तुम्ही इस्त्री करत होतात?"

"हो."

"मी इथे मरत होते, बाबा. आणि तुम्हाला एक दिवस काम बाजूला ठेवता आलं नाही?"

"काम नव्हतं ते."

"मग काय होतं?"

आयुष्यात हे वाक्य मास्टरांनी बायकोपुढेही उच्चारलं नव्हतं. "भीती वाटत होती," ते म्हणाले. "मला भीती वाटली की मी इस्त्री करतो."

ती बघतच राहिली. डोळे भरले होते, त्यात राग होता, आणि आणखी काहीतरी होतं, पण ते बघायला वेळ नव्हता. पडद्यावर काहीतरी किणकिणलं. "बाहेर जा," ती म्हणाली. "सुरू होतंय."

मास्टर दाराबाहेर जमिनीवर बसले. हातांना काही उद्योग नव्हता. ते कधी गुडघ्यांवर ठेवले, कधी बगलेत धरले, कधी एकमेकांत अडकवले. कान मात्र आतल्या त्या घुमणाऱ्या पंख्याला चिकटले होते. बाहेरून एका गिऱ्हाइकाने हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही. सगळी भीती जशीच्या तशी अंगात बसून होती आणि तिला जायला वाट नव्हती. मधेच त्यांच्या लक्षात आलं, की आपले गाल ओले झालेत. त्यांनी ते पुसले नाहीत.

दार उघडलं तेव्हा उन्हं टेबलावरून खाली उतरली होती.

"एकदाही नाही पडला," टाचणी म्हणाली.

"आणि पेपर?"

"बरा गेला. एक प्रश्न सुटला नाही." तिने दार ओढून घेतलं. "माझा राग गेलेला नाही."

"बरोबर आहे तुझं."

मग ती त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. "मागच्या वर्षी तुम्ही एवढंसं बोललात आणि निघून गेलात," ती म्हणाली. "मला वाटलं, यांना काही फरकच पडत नाही. बाबा, वर्षभर मला वाटत होतं, की या घरात मी एकटीच घाबरते."

मास्टरांना खूप काही बोलायचं होतं. सवय नसल्यामुळे एकही वाक्य धड तयार होईना. त्यांनी फक्त मान हलवली, नाही, नाही म्हणून.

"आता निकालाची भीती वाटतेय?" तिने विचारलं.

"फार," मास्टर म्हणाले.

"मलाही," ती म्हणाली आणि जराशी सरकून त्यांना टेकली.