वर्सोव्याहून बहिणीला आणताना

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बाबांनी मला आर्वीहून मुंबईला धाडलं ते धाकट्या बहिणीला परत आणायला. ती नाटकांसाठी मुखवटे बनवायची, वर्सोव्याला समुद्राकाठच्या एका गल्लीत राहायची, आणि घरी तिला पाहायला पाहुणे यायचे होते. "समजावून आणजो," बाबा म्हणाले. माझं समजावणं असं, की आमची म्हैससुद्धा मधेच बसून घ्यायची. म्हणून आईनं मोरपंखी साडी सोबत दिली. रंग पाहून तरी पोरगी येईल!

गल्लीत शिरलो आणि थबकलोच. एक दार जांभळं, शेजारचं लिंबासारखं पिवळं. भिंतीवर छपरापर्यंत मासा रंगवलेला, डोळ्याच्या जागी खरीखुरी खिडकी, आणि तिच्यात एक म्हातारी केस विंचरत बसलेली. गच्चीवर लुंगीतला एक दाढीवाला ट्रम्पेट वाजवत होता आणि जाळं विणणाऱ्या कोळिणी खालून त्याला सूर चुकल्याचं सांगत होत्या. कुणी कुणाकडे वळून बघत नव्हतं. वळून बघणारा मी एकटाच, त्यामुळे तिथला विचित्र माणूस मीच ठरलो.

"दादा, तोंड बंद कर, माशी जाईन," बहीण म्हणाली. कोपरापर्यंत कागदाचा लगदा. "चाल, आधी समुद्र पाय."

समुद्र मी पहिल्यांदाच पाहत होतो. आमच्या नदीला पल्याडचा काठ असतो. इथं पल्याडच नव्हतं. हात आपोआप जोडले गेले. त्यासाठी साडीची पिशवी वाळूत ठेवली, पाण्यापासून चांगली लांब. आभाळ स्वच्छ होतं. पाऊस नाही तर पाणी चढेल कशाला, हा आमचा नदीकाठचा हिशोब.

"मुलगा बँकेत आहे," मी सुरुवात केली. "घरचे लोक साधे..."

"दादा, पिशवी!"

लाटेनं पिशवी उचलली, उलटी केली, आणि मोरपंखी साडी पाण्यावर उलगडत निघाली. मी "अरे बाप्पा" म्हणत उभाच. पण गल्ली धावली. लुंगी खोचून दाढीवाला पाण्यात, मागून कोळिणी, मुंडण केलेल्या दोन मुली. सगळ्यांनी साडीचा काठ धरला, लाट खालून आली आणि ती साडी मावळत्या उन्हात अशी फुगली की मी आईचा राग विसरलो.

"भरती में सामान कौन रखता है?" दाढीवाला ओरडला.

"वर्ध्याकडचा आहे," बहिणीनं माझी बाजू घेतली. "समुद्र नाई तिथं."

खाऱ्या पाण्यानं रेशीम जाईल म्हणून प्रत्येक घरातून गोड्या पाण्याची बादली आली. नळाला पाणी दिवसातून थोडाच वेळ यायचं. तरी आली. माशाच्या डोळ्यातल्या म्हातारीनंही एक दिली.

"तुले एकटं नाई वाटत इथं?" साडी पिळताना मी विचारलं.

"एकटं बसू देतीन तं ना!" ती हसली. मग हळूच म्हणाली, "मले न्यायलेच आलता ना?"

मी पिळत राहिलो.

कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून फोन लावला.

"निघाले का?" बाबांनी विचारलं.

"मी एकटाच येऊन राह्यलो."

"काऊन? समजावलं नाई का?"

"समजावाले गेलतो बाबा. पण हिले इथून उचलून नेणं मले नाई जमत. पाहुण्यायले मी सांगतो."

फोनमध्ये खरखर झाली. मग बाबांनी विचारलं, "जेवते का पोरगी वेळेवर?"