इलिंकाचं कपाळ

तोआदर गावातला नावाजलेला खाटीक होता. डुक्कर एका घावात आडवं करायचा आणि घरी आला की दहा वर्षांच्या लेकीची, इलिंकाची, वही बघून कमरेचा पट्टा काढायचा. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावलं होतं, "पोर हुशार आहे, पण अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे उलटीसुलटी होतात. मारानं ती भेदरत चालली आहे."

"आळस आहे तो. पट्ट्यानं उतरेल," तोआदर म्हणाला होता.

जूनमध्ये शाळेचं वर्ष संपलं आणि अंगणात बक्षीस समारंभ झाला. नंबरात आलेल्या मुलांच्या डोक्यावर फुलांचे मुकुट चढले. इलिंकाचं डोकं मोकळंच राहिलं.

"काय रे तोआदर, पोरीचा मुकुट डुकरांनी खाल्ला का?" शेजारच्या मिहूनं सगळ्यांदेखत विचारलं. लोक खो खो हसले.

तोआदरनं पोरीला दंडाला धरून फरफटत घरी आणलं आणि पट्टा उपसला. पण पहिला फटका बसायच्या आधीच इलिंका भिंतीकडे धावली आणि दगडावर कपाळ आपटू लागली.

"तुम्ही कशाला दमता बाबा? मीच फोडते. काही राहतच नाही यात!"

भिंतीच्या चुन्यावर रक्त उडालं. "थांब!" तो ओरडला. ती थांबेना. त्यानं पट्टा टाकला आणि भिंत आणि कपाळ यांच्यामध्ये आपला पंजा घातला. तिनं आणखी जोरानं डोकं हाणलं. त्याच्या बोटांची सालटी निघाली.

"हात काढा, बाबा!"

"नाही काढत. मार किती मारायचंय ते."