बोंबलांची पाटी आणि चिनी पुस्तक

कोणी ‘हे कशाला?’ असं विचारलं की मी घाईघाईनं कारणं देऊ लागतो. मग मला ती आठवते. किनाऱ्यावरच्या नवापूरहून बोईसरला येणाऱ्या सहाआसनी रिक्षात एकदाच भेटलेली तरुणी. मांडीवर आईची सुक्या बोंबलांची पाटी, पाटीवर चिनी पुस्तक. पान उलटण्याआधी ती बोटं ओढणीला पुसायची.

समोरच्या काकांनी विचारलं, तेव्हा म्हणाली, “पीएचडी करते. चीनमदी सरकार मासेमारी बंद ठेवतं, तवा तिथल्या मच्छीमारांची घरं कशी चालतात, त्याच्यावर.”

“आपला दर्या सोडून चीन कशाला?”

तिनं पुस्तक मिटलं. “आमच्या गावावर लिवायला लांबून लोक आले, काका. बोंबील सुकवणाऱ्या आयांचे फोटो काढून गेले. त्या लोकांना कोणी नाय विचारलं, कशाला. आमी दुसऱ्यांवर लिवणार, तर आमालाच कारण पायजे?”

“पण तिकडचे तुला खरं सांगतील?”

“पयल्या दिवशी नाय सांगणार. आमच्या आयांनी तरी त्या पाहुण्यांना कुठं खरं सांगितलं? मी आधी त्यांच्यासोबत मासळी निवडायला बसणार.”

बोईसर आलं. “हात लावा जरा,” ती काकांना म्हणाली.

कशाला, असं न विचारता त्यांनी पाटी तिच्या डोक्यावर चढवली.