रेणुकाची टीसी आणि सिंधू सिस्टर

ही गोष्ट सांगायची मी दहा वर्षं टाळली. आधी वाटलं, पोरीचं एक वर्ष गेलं खरं, पण पुढे सगळं मार्गी लागलं, आता कशाला उकरायचं... मग वाटलं, निवृत्त झाल्यावर सांगू. निवृत्त होऊनही सहा वर्षं झाली. दीड महिन्यापूर्वी सकाळी लातूरला माझा फोन वाजला. पुतणी रेणुकाचा होता. "मोठे बाबा, सिंधूमावशी गेल्या," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. माझ्या मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. आता सांगायचं कुणाला, हा होता.

सिंधू आणि मी इस्लापूरच्या शाळेत एका वर्गात होतो. तिच्या घरी चुलीपुढे बसून मी कितीदा भाकरी खाल्ली. आमच्या घरी मात्र तिला ओसरीच्या पुढे येऊ देत नसत, आणि ते चूक आहे हे कळायला मला कॉलेजपर्यंत जावं लागलं. ती नर्सिंग शिकली आणि किनवट तालुक्यातल्या उपकेंद्रांवर तिने अख्खी नोकरी काढली. मी लातूरला आलो आणि एका खासगी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवू लागलो. डॉक्टर होऊ पाहणारी हजारो मुलं माझ्यासमोर बसून गेली. त्यातली बहुतेक डॉक्टर झाली नाहीत. त्यांचं पुढे काय झालं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. सिंधूला पडला.

दर उन्हाळ्यात ती गावातली, आश्रमशाळेतली दहावी-बारावीची मुलंमुली गोळा करायची आणि रेल्वेने नांदेडला एका दवाखान्यात न्यायची. ओळखी काढून तिने परवानगी मिळवलेली असे. एकदा मीही गेलो होतो. दारातच तिने पोरांना बजावलं, "डॉक्टरच्या खोलीकडं बघू नका, तिथं गर्दी लई हाय. इकडं चला." मग प्रत्येकाला एकेका माणसाशेजारी बसवलं. कुणी प्रयोगशाळेत, कुणी एक्स-रेच्या खोलीबाहेर, कुणी रक्तपेढीत, कुणी पायाचा व्यायाम करून घेणाऱ्या मॅडमजवळ, कुणी रुग्णांच्या फायली लावणाऱ्यापाशी. काम एकच... अर्धा दिवस बसायचं आणि त्या माणसाचे हात काय करतात ते येऊन सांगायचं. दुपारी झाडाखाली डबे उघडले. एक मुलगी म्हणाली, "मावशी, त्या मॅडम सकाळपासून रक्तच बघून राहिल्या." सिंधूने विचारलं, "मग तुला चक्कर आली का भूक लागली?" पोरगी लाजून म्हणाली, "भूक." "मग जमतंय तुला! खा." सगळे हसले. ती मुलगी पुढे प्रयोगशाळा तंत्रज्ञ झाली. परत येताना गाडीत मी म्हणालो, "सिंधू, तू यांना लहान स्वप्नं दाखवतेस." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बालाजी, तू एकच दाखवतोस. ज्याला ते जमलं न्हाई त्यानं काय डोळे मिटून बसायचं का?" मला राग आला. 

रेणुका माझ्या धाकट्या भावाची, माधवची मुलगी. बारावीनंतर दोनदा वैद्यकीय प्रवेश परीक्षा देऊन तिचे गुण कमी पडले होते आणि मी तिला तिसऱ्यांदा बसवलं होतं. राहायला माझ्याच घरी होती. सिंधूबरोबर ती एकदा नांदेडला जाऊन आली आणि डायलिसिसचं यंत्र चालवणाऱ्या मुलीच्याच गोष्टी सांगत सुटली. एक पेशंट यंत्र चालू असताना कसा घाबरला, त्या मुलीने त्याला बोलतं कसं ठेवलं... मी म्हणालो, "अभ्यास कर." तिने गुपचूप सिंधूच्या मदतीने डायलिसिस तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाचा अर्ज भरला आणि नांदेडला तिचा नंबर लागला. प्रवेशाला मूळ टीसी हवी होती. आमच्या क्लासची पद्धत अशी की पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या मुलांची मूळ कागदपत्रं आम्ही ठेवून घ्यायचो. म्हणायचो सांभाळायला. खरं कारण, मूल मध्येच दुसरीकडे जाऊ नये. त्या कपाटाची जबाबदारी माझ्याकडे होती. माझ्याकडे टीसी मागायची रेणुकाची हिंमत झाली नाही. शेजाऱ्यांच्या फोनवरून तिने सिंधूला बोलावून घेतलं.

सिंधू शुक्रवारी दुपारी आली. रेल्वेने नांदेड, तिथून एसटीने लातूर. रेणुका तेव्हा वरच्या मजल्यावर चाचणी देत होती. प्रवेशाची शेवटची तारीख शनिवार. मी म्हणालो, "कारकून शेखभाई सुट्टीवर आहेत, किल्ली त्यांच्याकडे. सोमवारी ये." किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात होती. सिंधू म्हणाली, "बालाजी, कुलूप तोड की. उद्या तारीख संपून राहिली." मी फळ्याकडे बघत म्हणालो, "असं कसं तोडायचं?" ती उठली आणि तशीच परतीच्या गाडीने गेली. शनिवारी दिवसभर नांदेडला प्रवेशाच्या कार्यालयात मुदत मागत बसली. मिळाली नाही. सोमवारी पुन्हा लातूरला आली. किल्ली मी सकाळीच शेखभाईंकडे देऊन ठेवली होती, त्यांच्याकडून ती टीसी घेऊन गेली.

पोरीचं भलं व्हावं म्हणून मी तसं वागलो, असं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं एवढंच होतं की क्लासमधल्या जीवशास्त्राच्या सरांची पुतणी तंत्रज्ञ झाली, हे मला स्टाफरूममध्ये ऐकायचं नव्हतं. तिथवर तरी तो हट्ट होता. पुढचं केलं ते पाप. माधवने फोन करून विचारलं, "दादा, प्रवेश हुकला कसा?" मी म्हणालो, "सिंधू सोमवारी आली. तारीख विसरली असेल." रेणुकालाही तेच सांगितलं.

माधव सिंधूच्या दारात जाऊन चार लोकांदेखत बोलला, "सिस्टर, तुमच्या नादी लागून माझ्या लेकीचं साल वाया गेलं! साधी एक तारीख लक्षात राहिना तुम्हाला?" हे त्यानेच मला नंतर मोठ्या तावाने सांगितलं. मी विचारलं, "ती काय म्हणाली?" तो म्हणाला, "काय म्हणणार? हाव, माझंच चुकलं म्हणाली. पुढच्या साली पोरीला मी सोता नेते म्हणाली." पुढच्या उन्हाळ्यात आणि त्याच्या पुढच्याही, आमच्या आळीतल्या एकाही घराने तिच्याबरोबर मूल पाठवलं नाही. त्यांच्या पोरी जाऊ द्या, आपल्या नको, असं लोक बोलले. का बोलले ते मला ठाऊक होतं. सिंधू मात्र येतील तेवढ्यांना घेऊन जात राहिली. रेणुका तिसऱ्यांदाही नापास झाली आणि सिंधूने शब्दाप्रमाणे तिला हाताला धरून नांदेडला नेलं. आज रेणुका डायलिसिसच्या विभागात काम करते. तिचे पेशंट तिला नावाने हाक मारतात.

सिंधूच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विहारापुढचा मांडव माणसांनी भरला होता. परिचारिका, तंत्रज्ञ, औषधनिर्माते... सिंधूने वाटेला लावलेली पोरं रजा काढून आली होती. रेणुका बोलायला उभी राहिली. "मावशीला कोणत्या कोर्सला कोणता विषय लागतो ते तोंडपाठ होतं," ती म्हणाली, "तारखा तेवढ्या विसरायच्या!" डोळे पुसत सगळे हसले. मीही हसलो. शेजारी शेखभाई बसले होते. त्यांची मुलगीही सिंधूमुळेच एक्स-रे तंत्रज्ञ झालेली. ते हसले नाहीत. हळूच म्हणाले, "सर, त्या सोमवारी बाईंनी मला विचारलं होतं, शेखभाई, सुट्टी कशी गेली? मी म्हटलं, कसली सुट्टी? मी तर रोज हितंच हाय. बाईंनी टीसी पिशवीत घातली. मग म्हणाल्या, हे कुणाला बोलू नका. पोरगी सरांच्या घरात राहून राहिली, तिथं तिला सुखानं राहू द्या."

म्हणजे तिला माहीत होतं. माधव दारात ओरडत होता तेव्हाही, आणि नंतर दहा वर्षं माझ्याशी नेहमीसारखी बोलत होती तेव्हाही.

ती जायच्या तीन आठवडे आधी मी तिला भेटायला इस्लापूरला गेलो होतो. रेल्वेत सगळा वेळ एकच वाक्य मनात घोळवलं. ती खाटेवर उशांना टेकून बसली होती, अगदी वाळून गेलेली. समोर बारावीची एक मुलगी वही घेऊन बसली होती. मला पाहताच सिंधू म्हणाली, "आले बघ आमचे मोठे सर! बालाजी, हिला फिजिओथेरपी का नर्सिंग ते ठरेना. तू सांग, मला दम लागून राहिला." मी तासभर सांगत बसलो. सिंधू मधूनमधून डोळे उघडून मुलीला म्हणायची, "लिहून घे. सर चांगलं सांगून राहिले." मुलगी गेली. आम्ही दोघेच उरलो. मी तोंड उघडलं तोच ती म्हणाली, "गाडी चुकंल तुझी. नीघ आता." आणि मी निघालो... गाडीला अजून पाऊण तास होता.

ते वाक्य फार मोठं नव्हतं. सिंधू, तू शुक्रवारीच आली होतीस, टीसी मी अडवली आणि नाव तुझं घेतलं, मला माफ कर.