सातव्या दिवसाची भेट

माझी जीभ तिखट आहे, हे घरच्यांना जसं ठाऊक आहे तसंच पेठच्या डोंगरातल्या माझ्या वीस आशांनाही ठाऊक आहे. मी आरोग्य खात्यातली गटप्रवर्तक. गावोगावच्या आशाताईंना शिकवायचं, त्यांच्या अडचणी सोडवायच्या, त्यांना आधार द्यायचा, असं माझं काम कागदावर लिहिलंय. प्रत्यक्षात बरीच वर्षं मी त्यांच्यामागे माहितीचा तगादाच लावत आले.

मध्यंतरी त्यांच्यातल्या एकीच्या गावात आठ दिवसांचं बाळ दगावलं. सातव्या दिवशी त्यानं दूध ओढणं सोडलं. झोपाळू आहे, असं घरच्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी जीपमधून नाशिकला नेताना ते वाटेतच गेलं. आशानं बाळंतिणीकडे तिसऱ्या दिवशी जायचं असतं, मग सातव्या. वजन करायचं, ताप बघायचा, बाळ दूध नीट पितं का ते समोर बसून पाहायचं. तिसऱ्या दिवशी ही गेली होती. सातव्या दिवशी गेली नव्हती.

पुढच्या बैठकीत मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. "तू गेली असतीस तर पोर वाचलं असतं," म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला! बारा वर्षं ते डोंगर चढणारी बाई ती. "चुकलं मॅडम," एवढंच बोलून खाली बसली. गावात तिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं. आता चौकशीच्या फॉर्मवर माझा शेरा गेला की तिचं काम जाणार होतं, आणि गाव जे बोलत होतं त्यावर सरकारी शिक्का बसणार होता.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'भेट न होण्याचे कारण'. तो भरायला तारखा जुळवत बसले आणि सहज हजेरीचं रजिस्टर उघडलं. बाळाच्या सातव्या दिवशी मीच बैठक लावली होती, आणि त्यात तिची सही होती.

मग सगळं आठवलं. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याकडे आली होती. "मॅडम, माझ्याकडं सात दिसांचं बाळ हाय. दुपारच्या गाडीनं जाऊ का? नंतरची लय उशिरा हाय."

मी मान वर न करता म्हणाले होते, "उद्या जा. बाळं सगळ्यांच्याच गावात आहेत."

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिला गाठून विचारलं, "मी सगळ्यांसमोर बोलले तेव्हा तू गप्प का बसलीस?"

"तवाच सांगितलं व्हतं की," ती म्हणाली. "दोनदा काय सांगायचं?"

रकान्यात मी लिहिलं, 'आशा जाण्यास निघाली होती. गटप्रवर्तकाने बैठकीत थांबवून ठेवले.' वरच्या साहेबांनी समजावलं, "कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय? अपरिहार्य कारण, असं लिहा की." मी खोडलं नाही. तिचं काम राहिलं. मोठ्या तोऱ्यात तिला ते सांगायला गेले.

"लिवलं ते बरं केलं," ती म्हणाली. "पण गाव तुमचा कागद वाचतंय व्हय? त्या घरी चला. तिथं सांगा."

तिथं जायला मला नको वाटत होतं, पण गेले. बाळाची आई ओट्यावर नागली पाखडत होती. विशीचीही नसेल. मी उभ्यानंच सांगून टाकलं, "हिची चूक नाही. ही तुझ्याकडे यायला निघाली होती. मी जाऊ दिलं नाही. बैठक होती."

तिनं सूप खाली ठेवलं. "खरं का ताई?" तिनं आशाला विचारलं. आशानं मान डोलावली. मग आईनं माझ्याकडे पाहिलं.

"कसली व्हती बैठक?"

"बाळांची माहिती मोबाइलात कशी भरायची, त्याची."

"मग माझ्या बाळाची भरली का?"

भरली होती. त्याच दुपारी, सगळ्यांना नमुना दाखवायला म्हणून, मीच आशाकडून ती भरून घेतली होती.