जीपचं उंच नाक

कुंडलिकला किळस फार लवकर यायची. टपरीवरचा चहाचा ग्लास तो आधी स्वतःच्या बाटलीतल्या पाण्यानं विसळून घ्यायचा, बाकड्यावर फडकं मारल्याशिवाय टेकायचा नाही, आणि समोर कुणी पानाची पिंक टाकली की त्याचं तोंड असं वाकडं व्हायचं की टाकणाऱ्यालाच ओशाळं वाटावं. घाटकोपरच्या डोंगरउतारावर, जिथे गटार आणि उंबरा यांच्यामध्ये जेमतेम एक फरशी असते, तिथे असला स्वभाव घेऊन राहणं म्हणजे रोजचा छळ. बहात्तरच्या दुष्काळात आईबापाबरोबर जालन्याकडून आला तेव्हा तो मिसरूड न फुटलेला पोरगा होता. आई तिकडे दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मुंबईनं तरी तिला वेगळं काही द्यावं? नाव नको. इथेही खडीच दिली. पोराच्या हातात मात्र स्टिअरिंग आलं, आणि त्याचा कुंडलिकला भारी तोरा. खडीच्या खाणीत तो पांढरा शर्ट घालून जायचा. लोक हसायचे, आणि ते हसण्यासारखंच होतं.

खाण मुलुंडच्या मागच्या डोंगरात. मालकांची डिझेल जीप कुंडलिकच्या ताब्यात. मालकांना वर सुरुंगाच्या जागेपर्यंत न्यायचं, पिंपं चढवायची, कुणी जखमी झालं तर खाली आणायचं. वाट म्हणजे नुसते दगड आणि घोटाभर भुकटी. त्याच वाटेच्या कडेला क्रशर, आणि क्रशरच्या तोंडाशी घमेली ओतणाऱ्या बायकांत त्याची बायको सोनूबाई. दिवसभर ते यंत्र दगड चावायचं आणि पिठासारखी धूळ बाहेर फेकायचं. संध्याकाळी बायका घरी निघायच्या तेव्हा कोण कुठली ते आवाजावरूनच ओळखायचं.

दर शनिवारी कुंडलिक जीपचं एअर क्लीनर साफ करायचा. बॉनेटखाली एक गोल डबा, त्याच्या तळाशी तेल. इंजिन श्वास घेतं तेव्हा हवा त्या तेलावरून जाते, धूळ तेलात बसते आणि स्वच्छ हवा आत जाते. डब्यातली ती राड ओतताना त्याला मळमळायचं, पण हयगय त्यानं कधी केली नाही. इंजिनाच्या पोटात घाण जाऊ देणं त्याला पाप वाटायचं.

पावसाळा सरला आणि सोनूबाईला खोकला लागला. पहाटे मोरीत ती वाकून खोकायची आणि करड्या रंगाचा चिकट बेडका टाकायची. कुंडलिक तोंड फिरवायचा.

“पाणी ओत गं त्यावर!”

“ओतते की. दम तर घेऊ द्या.”

पुढे त्यानं आपला पाण्याचा तांब्या वेगळा ठेवला. बायकोनं ते पाहिलं. घरासाठी जी छातीचा भाता करून राबत होती तिचीच या माणसाला किळस! शरम वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही.

एका शनिवारी मात्र वाटली. त्यानं डबा उघडून राड जमिनीवर ओतली आणि तिच्याकडे बघतच राहिला. करडी, चिकट, मध्ये मध्ये गाठी. हेच त्यानं त्याच पहाटे मोरीत पाहिलं होतं. तो झुडपामागे गेला आणि सकाळची भाकरी ओकून आला. जीपच्या छातीतली घाण आपण आठवड्याला काढतो, आणि हिच्या छातीतली? दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तर स्पष्टच सांगितलं होतं, औषध देते, पण आधी हिला धुळीतून बाहेर काढा.

तो खंडू मुकादमाकडे गेला. वर झाडाखाली पाण्याची टाकी होती, तिथे हंडे भरून द्यायला एक बाई लागायची. तिथे धूळ नव्हती.

“सोनूला टाकीवर घ्या ना.”

“सगळ्याच खोकतात रे,” खंडू दात कोरत म्हणाला. “सगळ्यांना टाकीवर बसवू, तर क्रशरमध्ये काय मी उडी मारू?”

अशात मालकांचा भाचा उगवला. चंद्रप्रकाश. अंधेरीला गॅरेज काढायचं त्याच्या डोक्यात होतं, आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारातून त्यानं कुठल्याशा लष्करी गाडीची एक जाडजूड नळी पैदा केली होती. बॉनेटच्या बाजूला भोक पाडायचं, नळीचं एक टोक एअर क्लीनरला जोडायचं आणि दुसरं काचेला लागून पार टपाच्या वर न्यायचं. वरची स्वच्छ, गार हवा मिळाली की इंजिनाचा जोर वाढतो, असं त्यानं मामांच्या गळी उतरवलं. मालक जीपच्या बाबतीत हळवे. लगेच मिस्त्री आला, पत्रा कापला गेला, नळी उभी राहिली, तिच्यावर टोपीसुद्धा बसली. जेवणाच्या सुट्टीत बायका बघायला जमल्या.

“अगं बया, गाडीला धूळ सोसंना व्हय!” सोनूबाई हसली. हसता हसता तिला उबळ आली आणि ती खाली बसली.

कुंडलिकनं त्या नळीकडे पाहिलं आणि त्याला शिसारी आली. लोखंडाला उंच नाक आणि हाडामांसाच्या बाईला पदराचं टोक! बरं, तो नळीशी बेइमान नव्हता. शनिवारी डबा उघडला तर राड खरोखरच निम्म्याहून कमी. इंजिनाचं आयुष्य वाढणार हे उघड होतं. पण जोर? जोर होता तेवढाच. चढावरच्या चिंचेच्या वळणावर जीप आधीही दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकायची, आताही टाकत होती. फरक एवढाच, की नळी ड्रायव्हरच्या कानाशी सूंऽऽ करून हवा ओढायची आणि त्या आवाजानं गाडी उडत चालल्यासारखी वाटायची.

“काय कुंडलिक, झकास ना?” चंद्रप्रकाशनं विचारलं.

“धूळ कमी जाते, शेठ. ते चांगलंच झालं. पण जोर काय वाढला नाही. चिंचेपाशी पहिलाच टाकावा लागतो.”

चंद्रप्रकाशनं इकडेतिकडे पाहिलं. “हे मामांपुढं बोलू नको यार. रविवारी बोरिवलीकडचे दोन खाणवाले गाडी बघायला येतायत. पसंत पडली तर त्यांच्या सगळ्या गाड्यांना मीच नळ्या बसवणार. धुळीबिळीचं त्यांना सांगून काय उपयोग? त्यांना जोर हवाय. तू म्हणायचं, जोर वाढलाय.”

“नाही वाढला तर कसं म्हणू?”

“खंडूकडून कळलं, तुझी बायको टाकीवर हवी ना तुला? खंडूला मी सांगतो.”

सगळं असं चहा मागवावा इतक्या सहज! एका बाईचा श्वास त्या माणसाच्या एका शब्दात होता, आणि तो शब्द त्यानं इतके दिवस खिशात ठेवला होता. पण खोटं बोलायचं की नाही याचा विचार करायला कुंडलिकला फारसा वेळ लागला नाही. पहाटेचा तो खोकला त्याच्या कानात होताच.

रविवारी दोन्ही पाहुणे जीपमध्ये बसले. कुंडलिकनं आदल्या दिवशीच मागची पिंपं, साखळी, जादा चाक उतरवून ठेवलं होतं. खालच्या सपाटीवरूनच त्यानं गाडी अशी दामटली की पाहुण्यांनी दांडे घट्ट धरले. चिंचेच्या वळणावर त्यानं बाहेरची कड धरली, जिथे चढ कमी आणि दरी जवळ. दुसऱ्या गिअरमध्येच जीप वळण पार करून गेली. नळी कानाशी किंचाळत होती.

“जोर नळीमुळं?” एका पाहुण्यानं विचारलं.

“होय शेठ,” कुंडलिक समोर बघत म्हणाला. “आता पहिला गिअर लागतच नाही.”

परत खाली आल्यावर मालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. आंघोळ केली तरी ती जागा स्वच्छ झाली असं त्याला दोन दिवस वाटेना.

पण चंद्रप्रकाशनं शब्द पाळला. सोमवारपासून सोनूबाई टाकीवर. झाडाची सावली, गार पाणी, आणि श्वासात धुळीचा कण नाही. आठवड्याभरात तिची पहाटेची उबळ उतरू लागली. एका रात्री ती सलग झोपली तेव्हा कुंडलिक उठून मुद्दाम तिचा श्वास ऐकत बसला. मग त्यानं आपला वेगळा तांब्या उचलून तिच्या तांब्याशेजारी ठेवला. खोटं बोललो ते बोललो, त्याचं चीज झालं, असं म्हणून तो निवांत आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी तो पिंपं घेऊन वर चालला होता. सोनूबाई हलल्यापासून क्रशरकडे बघायची त्याला गरजच उरली नव्हती. पण तिथून कुणीतरी हात केला. धुळीनं माखलेली एक बाई, नाकातोंडावर ओला पदर गच्च बांधलेला, हातात रिकामं घमेलं. धावत येऊन तिनं जीपला हात लावला.

“दाजी, ओळखलं न्हाई का?”

पदर खाली झाला. शांताबाई. सोनूबाईची पाठची बहीण, विक्रोळीला दिलेली, अजून पंचविशीचीही नसलेली.

“तू इथं कशी?”

“ताईनंच लावलं. म्हणाली, जागा रिकामी झाली, दुसरं कुणी घुसायच्या आत आपलंच माणूस बसू दे. मुकादमाला सांगून मोकळी झाली बघा. तुम्ही मालकाकडं शब्द टाकला म्हणून जागा झाली, न्हाईतर आम्हाला कोण विचारतंय? लई उपकार झाले, दाजी!”

तिच्या पापण्यांवर करडी भुकटी बसली होती आणि त्याखाली डोळे आनंदानं चमकत होते. कुंडलिकला किळस आली. पण या वेळी ती बाहेरच्या कशाची नव्हतीच. या पोरीला काय सांगायचं? सोडून दे म्हणावं तर घरी खाणार काय, आणि राहा म्हणावं तर कुठल्या तोंडानं?

“जिवाला जप गं,” एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

शांताबाईनं पदर पुन्हा नाकावर ओढला आणि हसली.

“मला काय होतंय, दाजी? ताई न्हवती का चार वर्सं हितंच?”