बारमाही टायर

टायरचे आयुष्य दोन ठिकाणी संपते. जमिनीला टेकणाऱ्या भागावरच्या खाचा झिजत जातात, आणि ते कुणालाही दिसते. बाजूच्या पातळ भागात मात्र रबर आतून मऊ पडते, फुगते, बारीक तडकते, आणि ते सहसा वेळेवर दिसत नाही. आमच्या गाडीचे टायर या दुसऱ्या प्रकारे संपले होते. खाचा इतक्या शाबूत होत्या की शाळेतले सहकारी मला विचारत, "मास्तर, गाडी चालवता की नुसती पुसता?"

गाडी मूळची माझ्या मावसभावाची. त्याने बोटीवरची नोकरी धरली आणि मुंबईहून आणलेली ही जुनी मोटार माझ्या हवाली केली. मांडवीला आमच्या घराच्या कडेला, माडाखाली ती उभी असे. ऐंशीच्या दशकातल्या त्या पहिल्या वर्षांत तिला काम फारसे नव्हते. उन्हाळ्यात जवळच्या पावस गावी जाऊन येणे, लग्नकार्यात पाहुण्यांची ने-आण करणे, एवढेच. पावसाळ्यात ती चालतच नसे, कारण माझे वडील तिला शाकारून ठेवत.

बाबा गलबतावर तांडेल होते. खलाशी त्यांच्या शब्दावर चालत. समुद्र बंद झाला की गलबत किनाऱ्यावर ओढायचे, बुडाखाली ओंडके द्यायचे, वर माडाच्या विणलेल्या झापांचे छप्पर करायचे आणि लाकडाला मोरी माशाच्या काळजाचे तेल पाजायचे, हा त्यांचा जन्माचा क्रम. गलबत गेले, क्रम राहिला. ज्येष्ठ लागला की ते गाडीखाली चिरे रचून चाके अधांतरी करत, वर झाप बांधत आणि चारही टायरांना मोरीचे तेल चोळत. नारळी पौर्णिमेला बंपरापुढे नारळ फोडून मग गाडी मोकळी करत.

तेलाने रबर कुजते, हे मी त्यांना दरवर्षी समजावून सांगत असे.

"लाकडाला चालतं, कातड्याला चालतं," ते म्हणत, "मग रबरानंच काय घोडं मारलंय?"

"बाबा, रबर तेल पितं. पिऊन फुगतं आणि मग त्याचा जोर जातो."

"पितं ना? मग तहान लागलीय त्याला. मास्तर, तू पोरांना शिकव. वस्तू कशी राखायची ते मला ठाऊक हाय."

वाद तिथेच थांबे. वर्षातून थोडेच चालणाऱ्या गाडीचे टायर कुजले काय आणि राहिले काय, फारसे अडत नव्हते.

मग पत्नीचा आजार निघाला. उपचार मिरजेला होते आणि दर तिसऱ्या आठवड्याला जायचे होते. हातखंबा, साखरपा, आंबा घाट, कोल्हापूर आणि तिथून पुढे. एस.टी.च्या धक्क्यांनी तिला वेदना होत. म्हणून त्या वर्षी गाडी शाकारायची नाही, पावसातही चालवायची, असे ठरले. बाबांनी ते ऐकून घेतले. आणून ठेवलेले झाप त्यांनी विहिरीच्या कडेला एकावर एक नीट रचले आणि त्यांवर दगड ठेवला.

वैशाखातल्या एका फेरीत साखरप्याच्या अलीकडे मागचे चाक बसले. उतरून पाहिले तर टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा येऊन तो फाटला होता. मी स्टेपनी चढवली, पण स्टेपनीची बाजूही बोटाने दाबली की दबत होती. तेलाचा हात तिलाही लागलेला होता. पत्नी मैलाच्या दगडावर बसून एक्स-रेच्या मोठ्या पाकिटाने वारा घेत होती.

"मामंजींना सांगू नका हं," ती म्हणाली.

"न सांगून कसं चालेल? चारही बदलावे लागणार."

"बदला. पण तेलामुळे झालं म्हणू नका. म्हणा, खडी लागली." मग थोड्या वेळाने, "अहो, वास बघा काय सुटलाय. मांजरं लागतील आपल्या मागे घाटात."

त्या दिवशी मिरजेला तिची सुई लावून झाल्यावर मी डॉक्टरांना बाहेरच्या पडवीत गाठले आणि पुढचे विचारले. ते म्हणाले, "पावसाळा निघू द्या, मग बघू." हे वाक्य मला परिचयाचे होते. पालक भेटायला येत, तेव्हा मी स्वतः ते वापरत असे. ज्या मुलाची आशा असते, त्याच्या पालकांना मी नेमके सांगतो: कोणते धडे पुन्हा वाचायचे, कोणती उदाहरणे सोडवायची. ज्याच्याबद्दल सांगण्यासारखे काही उरलेले नसते, त्याच्या पालकांना मी म्हणतो, सहामाही होऊ द्या, मग बघू.

परतताना आम्ही कोल्हापुरात टायरच्या दुकानासमोर थांबलो. दुकानदार जाडजूड, मोठ्या आवाजाचा गृहस्थ होता. त्याने माझ्या खिशातले लाल पेन पाहिले आणि आमच्या चाकाजवळ बसून नाक ओढले.

"गुरुजी, टायर हाय का सुकट?"

पत्नी गाडीत मागे बसली होती. तिला हसू आवरेना. कुशीला हात लावून ती हसत राहिली, आणि मग हसणे सोसवेना म्हणून थांबली.

मी मला काय हवे ते क्रमाने सांगितले. आमच्याकडे उन्हाळ्यात रस्ता तापतो आणि कडेची खडी धारदार असते. पावसाळ्यात घाटात डांबरावरून पाणी वाहते. उरलेल्या दिवसांत जांभ्याचा चिखल आणि खारी हवा असते. या सगळ्यांत चालेल असा एकच टायर हवा.

"म्हंजे बारमाही टायर," तो म्हणाला. "अवो, बारमाही तर हितं हिरीला पाणी नसतंय!"

तरी त्याने तीन प्रकार काढून दाखवले. पहिल्यावर सरळ, खोल खाचा होत्या. दुसऱ्यावर जाड गोट्या होत्या. शेतातल्या चिखलात तो उत्तम, पण ओल्या डांबरावर त्याचा भरवसा नाही. तिसरा रिमोल्ड होता, म्हणजे अंग जुने आणि वर चढवलेली नक्षी नवी.

पाण्यावरून चाक जाते तेव्हा पाण्याला बाजूला सरायला वाट लागते. खाचा ही ती वाट. वाट मिळाली नाही तर चाक रस्त्याला टेकतच नाही, पाण्याच्या पातळ थरावर तरंगते, आणि हातातले स्टिअरिंग फिरवले तरी गाडी ऐकत नाही. म्हणून मी सरळ खाचांच्या टायरवर बोट ठेवले. त्याच्या कडेवर साच्यातून निघताना राहिलेले रबराचे बारीक केस तसेच उभे होते.

"ह्यो झकास," दुकानदार म्हणाला. "पण गुरुजी, एक विचारतो. गाडी किती वर्सं वापरायची म्हंता? चार-पाच वर्सं वापरणार असाल तर ह्यो घ्या. एका पावसाचं काम असंल तर रिमोल्डवर भागतंय. उगं कशाला?"

मी उत्तर जुळवत होतो. तेवढ्यात मागच्या खिडकीतून पत्नी म्हणाली, "एका पावसाचंच काम आहे. ते रिमोल्डच द्या."

दुकानदार तिच्याकडे पाहून मान डोलवत वळला. त्याला त्यात व्यवहारापलीकडे काही दिसले नाही. मला दिसले. डॉक्टर माझ्याशी पडवीत बोलले, तिच्याशी नाही. पण तिने माझ्या चेहऱ्यावरून ते वाचले होते.

"नवे द्या," मी म्हणालो. "चारही. आणि स्टेपनीलाही."

"अहो, कशाला?"

"रिमोल्डचं वरचं रबर घाटात सुटतं."

"खरंच सुटतं?" तिने दुकानदाराला विचारले.

"सुटतंय बी, न्हाई बी," तो म्हणाला. "आता गुरुजी म्हंत्यात तर सुटतंय."

 टायर बसवून होईपर्यंत तिने काच वर घेतली होती. गाडी सुरू केल्यावर एवढेच म्हणाली, "तुम्ही हट्ट केलात, आता मला टिकायला नको का?" ती चेष्टाच होती. मी गाडी रस्त्यावर घेतली.

घरी बाबांनी नव्या टायरांभोवती फिरून पाहिले. "जुने काय झाले?"

"खडी लागली," पत्नी म्हणाली.

"पाचांनाही?"

 बाबा वाकले, एका चाकाच्या कडेवरचे रबराचे केस त्यांनी अंगठ्याने चाचपले आणि आत निघून गेले. त्या पावसाळ्यात तेलाचा डबा माळ्यावरून खाली आला नाही.

टायरांची निवड अचूक ठरली, हे नोंदवले पाहिजे. आषाढात आंबा घाटाच्या वळणांवर पाणी लोटत होते, समोरून येणारे ट्रक कडेला थांबून होते, आणि आमची गाडी रस्ता धरून चालली. एकदाही चाक घसरले नाही. जे माझ्या हाती होते ते सगळे नीट पार पडले. त्याचा परिणाम मात्र कशावरच झाला नाही. ती प्रत्येक फेरीला हलकी होत गेली. श्रावणात डॉक्टरांनी पुढची तारीख दिली नाही. "घरीच आराम करू द्या," ते म्हणाले.

त्या दिवशी घाट उतरून साखरप्याला चहासाठी थांबलो. तिने चहा घेतला नाही.

"बघा तरी, किती झिजलेत," ती म्हणाली.

मी उतरून पाहिले. खाचांत अडकलेले लाल खडे काढले. कडेवरचे केस बरेचसे तसेच होते. "काहीच झिजले नाहीत," मी सांगितले.

"मी म्हटलं नव्हतं, एका पावसाचंच काम?" ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

गणपती विसर्जनाला गेल्यावर काही दिवसांनी ती गेली. त्यानंतर गाडी मी क्वचितच बाहेर काढली. जायचे कुठे हा प्रश्नच होता.

पुढच्या ज्येष्ठात बाबांनी चिरे आणले. आम्ही दोघांनी मिळून जॅकने गाडी उचलली आणि चाके अधांतरी केली. माडाचे नवे झाप विणून तयार होते. मग ते आत गेले आणि तेलाचा डबा घेऊन आले. पण लगेच बसले नाहीत. चिंधी हातात धरून माझ्याकडे पाहत राहिले. दरवर्षीचा माझा पाठ ऐकायची त्यांची तयारी होती. या खेपेस बहुधा त्यांनी तो मानलाही असता.

"नको लावू म्हणतोस ना?" त्यांनी विचारले.

टायर नवे होते, आणखी चार वर्षे सहज चालले असते. तेल लावले तर ते बाजूंनी मऊ पडणार, फुगणार आणि फाटणार, हे मला पुरते ठाऊक होते.

"लावा," मी म्हणालो.

ते पुढच्या चाकापाशी बसले. मी दुसरी चिंधी तेलात बुडवली आणि मागच्या चाकांकडे गेलो.